हॅलोवीन, शरद आणि पानगळ

मुलांसाठी आयर्लंडमधल्या हॅलोवीनवरचा एक लेख मराठीत करते आहे. 'ऑटम'ला शरद लिहू की पानगळ? आणि हॅलोवीनला 'भुतांची रात्र' म्हटलं तर चालेल का?

—

ताई, 'शरद' लिहिलंत की मुलांच्या डोळ्यांपुढे कोजागरीचं चांदणं येईल. आपला शरद आश्विन-कार्तिकातला. पाऊस सरलेला, आभाळ निवळलेलं, झाडं मात्र हिरवीगार. आपल्याकडे पानं झडतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. महिने जुळतात, चित्र जुळत नाही. मी 'पानगळीचे दिवस' लिहीन. इंग्रजीत या ऋतूला आधी 'हार्वेस्ट', म्हणजे सुगीच म्हणत; जर्मनमध्ये त्याच कुळातला 'हेर्ब्स्ट' अजून चालतो. अमेरिकेत रुळलेला 'फॉल' तर पानं गळण्यावरूनच आला.

'भुतांची रात्र' मात्र कृपा करून नको. 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' हे संध्याकाळ या अर्थाच्या शब्दाचं स्कॉटिश रूप. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली संध्याकाळ. वसईत, गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, तो याच माळेतला पुढचा दिवस.

—

मग यात भुतं आली कुठून?

—

संतांच्या आधीपासून तिथे 'साउन' नावाचा सण होता. आयरिश स्पेलिंगमध्ये त्याच्या मधोमध म आणि ह दिसतात, बोलताना त्यांचा व होतो, म्हणून 'सामहेन' लिहू नका. आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचं नावही हेच. गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची आणि हिवाळ्याला सामोरं जायचं, असा तो ऋतूंचा सांधा. त्या रात्री पलीकडच्या जगाची दारं उघडतात, मेलेली माणसं घराकडे फिरकतात, असा समज होता. म्हणून शेकोट्या, म्हणून वेष पालटणं, म्हणून कोरलेल्या सलगमात दिवा. भोपळा नंतरचा; तिथली माणसं अमेरिकेत गेली तेव्हा हाताशी मोठा, कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला.

—

या समजुतींना मी सरसकट 'अंधश्रद्धा' लिहिलंय.

—

तिथे थोडं थांबा. दारं उघडतात हा 'लोकसमज'. पण बाकीचं बरंचसं 'शकुन पाहणं' आहे, आणि तो शब्द आपल्याकडे तयार आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची १७८५ची 'हॅलोवीन' ही कविता अशा शकुनांनीच भरलेली आहे. पोरंपोरी डोळे मिटून परसातल्या कोबीच्या जातीच्या भाजीचा दांडा उपटायची. दांडा सरळ की वाकडा, तसा जोडीदार. मुळाला माती चिकटली असेल तर पैसा आहे, आणि आतला गर चाखून कळायचं की स्वभाव गोड की आंबट. चुलीतल्या निखाऱ्यांवर दोन बिया जोडप्याच्या नावानं ठेवायच्या. शेजारी शेजारी शांत जळल्या तर संसार सुखाचा, एक तडकून उडाली तर जमायचं नाही. यात भीतीपेक्षा लग्नाच्या वयाची हुरहूर जास्त आहे. 'अंधश्रद्धा' म्हटलं की ती हुरहूर पुसली जाते. मला ते फार खटकतं.

—

पटलं, बदलते. हॅलोवीनला खातात त्या 'बार्मब्रॅक'चं काय करू? 'फळांचा केक' लिहिलंय.

—

नाव तसंच राहू द्या आणि पुढे 'मनुका घातलेला गोडसर पाव' असं लिहा. 'ब्रॅक' म्हणजे ठिपकेदार; काप काढला की मनुकांचे काळे ठिपके दिसतात, त्यावरून. त्यात वस्तू दडवतात. अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा.

—

आणि कापडाचा तुकडा आला तर गरिबी. तिथे मी 'वस्त्रखंड' लिहिलंय.

—

'चिंधी' लिहा, ताई. ती कुणाच्या कापात निघाली की त्याच्या वाट्याला काय आलं हे मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.