फॉरवर्डची मर्यादा आणि तिच्यातली फट

व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्डला मर्यादा घातली आणि अफवा आटोक्यात आल्या, असं अनेकदा म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेमुळे मुलं पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी ५ चॅटलाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर झाली. २०२० पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे आधीच अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पण मजकूर कॉपी-पेस्ट केला किंवा व्हिडिओ गॅलरीतून नव्याने पाठवला, की बाण गायब! म्हणून बाण नसला तरी तपासा: व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्सला (चित्रावरून शोध घेणारं साधन) द्या, जुना किंवा परमुलखातला असेल तर बहुधा कळतं. आवाजी मेसेजला हा उपाय चालत नाही. तिथे थेट पोलीस पाटलांना विचारा.