जिना चढतात, पण उंबरठ्यापाशी अडकतात. असं का?

सांगलीची_लेक: बाबा ७१ वर्षांचे, पार्किन्सनला आठ वर्षं झाली. जिना एका दमात चढतात, पण स्वयंपाकघराच्या दारात पाय फरशीला चिकटतात. टाचा थरथरत राहतात, पाऊल काही उचलत नाही. काल मी हात धरून ओढलं, तर दोघंही ओट्यावर आदळता आदळता वाचलो. आई म्हणते, मुद्दाम करतात. एवढासा उंबरठा का जमू नये? गोळी वाढवायची का?

फिजिओताई: मुद्दाम नाही हो, आधी आईंची समजूत घाला. याला फ्रीझिंग म्हणतात. सवयीचं चालणं आपण मनात न आणता चालतो. ते काम मेंदूतल्या बेसल गँग्लियाचं, आणि या आजारात नेमकं तेच बिघडतं. जिन्यावर एकेक पायरी डोळ्यांना दिसते, पाऊल कुठे टाकायचं ते सांगते. अरुंद दार, वळण, घाई, हातात ताट, इथे मात्र गाडी अडते. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. चालायला धड येत नव्हतं, सायकल मात्र झकास चालवत होता!

ओढायचं अजिबात नाही. अंग पुढे जातं, पाय मागेच राहतात. थांबू दे, या पायावरून त्या पायावर वजन झुलवू दे, मग एक मोठं पाऊल. दाराच्या अलीकडे-पलीकडे त्यांच्या पावलाच्या अंतरावर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा. गोळीचं न्यूरोलॉजिस्टना विचारा, पण गोळी घेतल्यावर किती वेळाने अडकतात ते आठवडाभर लिहून न्या.

टाळकरी_काका: मी स्वतः पेशंट. अडकलो की मनात 'ग्यानबा तुकाराम' सुरू करतो आणि 'तु'वर पाय उचलतो. बायको हसते, हसू दे. लेव्होडोपा, म्हणजे या आजाराची गोळी, जेवणाआधी अर्धा तास घेतो. डाळ-पनीरसोबत घेतली की उशिरा चढते.

फिजिओताई: काका, तुमच्या ठेक्यावर संशोधन झालंय! २००७ च्या युरोपातल्या अभ्यासात १५३ रुग्णांना घरी तीन आठवडे ताल-खुणांवर चालायला शिकवलं. चाल सुधारली, फ्रीझिंगही थोडं कमी झालं. शिकवणं थांबल्यावर सहा आठवड्यांत मात्र बराचसा फायदा ओसरला. तेव्हा सराव सोडू नका.

सांगलीची_लेक: कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल टेप आणून पाच पट्ट्या मारल्या. पहिल्या दिवशी बाबा त्यांच्याकडे नुसते बघत उभे. दुसऱ्या दिवशी चहाचा कप आईकडे देऊन पट्टीवर पाय टाकला आणि सरळ आत! आई काही बोलली नाही. संध्याकाळी सुटलेलं एक टोक तीच दाबून बसवत होती. आता न्हाणीघराचं दार उरलंय. तिथे ओल असते, टेप टिकत नाही. रंगाने रेघा मारल्या तर घसरतील का?