लासा तापाची साथ आणि जिनोम सिक्वेन्सिंग : गरज की हौस?

रानवारा : नायजेरियात लासाची साथ आली की बातमी ठरलेली, विषाणूचं जिनोम काढलं, म्हणजे त्याच्या जनुकीय अक्षरांचा पूर्ण क्रम वाचला (हेच सिक्वेन्सिंग) म्हणून. मला तर ही निव्वळ हौस वाटते. मास्टोमिस जातीचा उंदीर घरात शिरतो, धान्यात मुततो आणि तिथून ताप येतो, हे ५० वर्षांपूर्वीच कळलंय. मग झाकणाचे डबे द्या, नर्सना ग्लोव्हज द्या, मशीन कशाला?

तिरकस_पेशी : २०१८ चं विसरलात वाटतं. त्या वर्षी नायजेरियात ६०० च्या वर कन्फर्म केसेस झाल्या, तोवरचा उच्चांक, आणि सुरुवातीलाच एबोन्यी राज्यात दवाखान्यातली माणसंही दगावली. सगळ्यांच्या पोटात गोळा, की विषाणू बदलला आणि आता माणसातून माणसात धावतोय. तेव्हा तिथल्याच इरुआ गावच्या हॉस्पिटलात मिनआयन हे हातात मावेल असं सिक्वेन्सिंगचं यंत्र लावून वाचलं तर पेशंटगणिक विषाणू वेगळा निघाला, बहुतेक आधीपासून तिथे असलेल्या लिनिएज २ या वंशातलेच पण एकमेकांपासून लांबचे. म्हणजे बहुतेकांना उंदरापासून स्वतंत्रपणे लागण झालेली. एकाकडून दुसऱ्याला गेला असता तर क्रम जवळजवळ सारखाच आला असता ना! हे ग्लोव्हज कसे सांगणार?

रानवारा : बरं, कळलं, पण त्यानंतर केलं काय? उंदीर आवरा आणि ग्लोव्हज घाला, हेच ना? तेच तर मी म्हणतोय, उत्तर आधीच माहीत होतं.

वाळूचं_घड्याळ : रानवारा, यात टेस्टचा मुद्दा राहतोय. लासाच्या दोन वंशांत एल खंडात (जिनोमच्या दोन तुकड्यांपैकी मोठ्या) ३२ टक्क्यांपर्यंत फरक सापडतो, एवढा बदलणारा विषाणू पीसीआर टेस्टचा प्रायमर (विषाणूच्या क्रमाला चिकटून तो शोधणारा छोटा तुकडा) जुळला नाही तर हातातून निसटतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि पेशंट जनरल वॉर्डात जातो. मग त्याच ग्लोव्हज न घातलेल्या नर्सला लागण. तुमचा मुद्दाही सिक्वेन्सवरच येऊन अडकतो.

कोरडा_ठाक : मी अर्धा रानवाराच्या बाजूने. प्रायमर तपासायला सिक्वेन्स हवेत हे मान्य, पण त्यासाठी ऐन साथीत धावपळ कशाला, साठवलेल्या नमुन्यांवर नंतर निवांत करा की. जानेवारी ते मार्च उंदीर घरात येतात, केसेस वाढतात, तेव्हा लॅबमधल्या माणसाने निदान करायचं की डेटाबेस भरायचा? (पेपर आपल्या नावावर यावा म्हणून घाई करणारेही असतात, त्यावर कुणी बोलत नाही.)

तिरकस_पेशी : निवांत म्हणजे कधी? नंतर कळून, विषाणू बदलल्याच्या त्या अफवेचं काय होणार होतं? आणि इबोलाचं बघा, २०२१ ला गिनीत पुन्हा केसेस आल्या, सगळे म्हणाले वटवाघूळ, आणि क्रम वाचला तर आधीच्या मोठ्या साथीतला विषाणू, इतक्या वर्षांत जेमतेम बदललेला. म्हणजे बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी शरीरात दडून बसलेला. अशा वेळी जंगलात वटवाघळं धरत बसला असता तर?

रानवारा : गिनीचं उदाहरण चांगलं आहे, पण ते इबोलाचं. लासात बहुतेक वेळा उत्तर उंदीरच येणार, म्हणून दर साथीला नको, शंका आली तरच वाचा.

वाळूचं_घड्याळ : शंका आली हे ठरवायला तरी नेहमीचे विषाणू कसे दिसतात ते आधी वाचलेलं लागतं की!