स्वस्त लॉज की जवळचा?
आईवडिलांना घेऊन नाशिक-त्र्यंबकला देवदर्शनाला जायचं तर राहायचं कुठे, यावर काहीजण म्हणतात की नाशिकरोड स्टेशनजवळ लॉज घेतला की पैसे वाचतात, पण सोबत आईवडील आहेत ना, मग रोज पंचवटीपर्यंत ९-१० किमी ये-जा, रिक्षावाल्याशी घासाघीस, वाचलेले पैसे तिथेच जाणार. त्यापेक्षा पंचवटीतच रामकुंडाच्या आसपास साधी नॉन एसी रूम बघा, फक्त लिफ्ट आणि कमोड आहे का ते फोनवरच विचारून घ्या, फोटोत बाथरूम कधी नीट दाखवतच नाहीत. त्र्यंबकला मात्र टॅक्सी कशाला, एसटी आहे की, बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट (आधार कार्ड विसरू नका). श्रावणी सोमवार तेवढा टाळा, उभ्याने जायचं म्हणजे गुडघ्यांचे हाल. वाचलेल्या पैशात मुंबईला परतताना पंचवटी एक्सप्रेसचं एसी चेअरकार काढा.