नागपूर: चाळिशीनंतर पुन्हा गाणं शिकायचंय, परवडेल असं कोणी सांगाल का?

काळीचार:
नमस्कार. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या जूनमध्ये पुण्याहून नागपूरला आलो. मनीषनगरात राहतो. मी ४१ वर्षांची. लग्नाआधी मध्यमा प्रथमपर्यंत गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, मग नोकरी आणि मुलगा, आणि पेटी माळ्यावर गेली ती १६ वर्षं तिथंच. इथं सामान उघडताना ती पुन्हा हाती लागली. भात्याला दोन भोकं पडलीत, धापा टाकत का होईना पण वाजते.

एका क्लासला गेले. महिना आठशे, आठवड्यातून दोन दिवस, खूश झाले. तिथं चौदा मुलं आणि मी. सगळ्यांत मोठं मूल सहावीतलं. सर सगळ्यांना काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायला लावायचे. माझा आवाज आता काळी चारलासुद्धा वर कुरकुरतो. तीन आठवड्यांत घसा बसला. सांगितलं तर म्हणाले, सवय होईल. दुसऱ्या महिन्यात परीक्षेच्या फॉर्मचा तगादा सुरू झाला, तेव्हा सोडलं. दुसरीकडे एकेकट्याला शिकवतात, पण तासाचे सातशे. पुण्याच्या माझ्या जुन्या बाईंकडे व्हिडिओवरून शिकून पाहिलं. त्यांचा सा माझ्यापर्यंत उशिरा पोचतो, त्यामुळे सोबत गाताच येत नाही. त्या म्हणणार, थांबणार, मग मी म्हणणार. पत्र पाठवल्यासारखं.

मला परीक्षा नको, स्टेजही नको. यमन राग पुन्हा नीट गाता यावा, एवढंच. महिन्याला हजार-बाराशे देऊ शकते. आणि या लहान शहरात गाणं ऐकायला तुम्ही लोक जाता तरी कुठं?

तर्रीपोहे:
लहान शहर? बाप्पा! पुण्याहून आल्या म्हणून यावेळी माफ करून देतो.
क्लासचं मले काही समजत नाही, पण एक सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू करून रियाज नका करू. आमची बहीण करे. कूलरचा पंखा आपला एक सूर धरून घुमत राहते अन् माणूस नकळत त्याच्याचकडे सरकते. तिचा सा दोन महिने कूलरचा होता. पहाटे साडेपाचला कूलर बंद करून बसा, तेवढीच वेळ थंड असते.

मागची रांग:
ताई, मी ३५ वर्षं तबल्याची संगत केली. आता बोटं ऐकत नाहीत, म्हणून मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांचं ऐकतो. माझं सांगणं एवढंच, की क्लासचे बोर्ड वाचत फिरू नका, तबलजीला विचारा. गायक दुसऱ्या गायकाबद्दल खरं बोलेलच असं नाही. आम्ही मात्र दहा घरांत जाऊन वाजवतो. कोण शिष्याला समोर बसवून गाण्यातली एकच जागा वीस वेळा घोटून घेतं आणि कोण मोबाइलात डोकं घालून 'हं, पुढे' म्हणतं, ते आम्हाला दिसतं. पेटी दुरुस्त करणाऱ्यालाही विचारा. नाहीतरी भाता शिवायला न्यायचाच आहे.

नागपूरला आकाशवाणी १९४८ पासून आहे. ऑडिशन देऊन ग्रेड मिळवलेली पुष्कळ मंडळी घरीच दोन-चार जणांना शिकवतात. ना बोर्ड, ना जाहिरात. माझ्या ओळखीतल्या दोघी तर दोन शिष्यांना एकत्र बसवतात, म्हणजे फी निम्मी पडते. तुम्हीही एखादी जोडीदारीण शोधा. फक्त तिची पट्टी तुमच्या जवळपासची हवी, नाहीतर एकीचा घसा जाणार.

पट्टीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून रागच आला. पहिल्या दिवशी जो शिक्षक आधी तुम्हाला गायला लावतो, खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गंधारापर्यंत नेऊन कुठं ताण पडतो ते ऐकतो आणि मग पेटीला हात लावतो, त्याच्याकडे राहा. वयानुसार आवाज थोडा उतरतोच. काळी चारवरून सफेद पाच, काळी तीनवर आलात तर त्यात कमीपणा काही नाही. आणि घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नसेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. गाणं थांबेल, घसा थांबणार नाही.

आता ऐकण्याचं. गायक वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला, १९२० साली, पण लहानपणी गाणं शिकले ते इथं, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. गुरुजी विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ३० जुलै ही वसंतरावांची पुण्यतिथी. तिच्या आगेमागे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांचा स्मृती समारोह करतं, सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्याच नावाच्या सभागृहात. मी आजवर तिथं तिकीट काढलेलं नाही. अर्धा तास आधी जा आणि मध्यंतरात चहाजवळ उभ्या राहा. तबलजी तिथंच सापडतात.

नंदनवनची खंजिरी:
वरच्या भाऊंचं सगळं पटलं, पण ताई, परीक्षा नकोच म्हणता ते नाही पटलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. तारीख डोक्यावर नसती तर मी कधी बसलीच नसती रियाजाला. ५६ व्या वर्षी 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा केली मी. तगादा लावणारा क्लास वेगळा अन् परीक्षा वेगळी.
आमचं भजनी मंडळ गुरुवारी बसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं असतात, खंजिरीवर. फी काही नाही, प्रसाद आळीपाळीनं आणायचा. शास्त्रीयवाले नाक मुरडतात, मुरडू द्या. मोकळ्या गळ्यानं गायला मिळते.

काळीचार:
सगळ्यांचे आभार. आणि लहान शहर म्हटलं, ते मागे घेतलं.

पेटी दुरुस्तीला नेली. काकांनी भाता पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारायच्या आतच म्हणाले, "आता वाजवणार की पुन्हा ठेवून देणार?" त्यांनीच काँग्रेसनगरच्या एका बाईंचं नाव सांगितलं. उज्ज्वलनगरहून सरळ मेट्रो आहे. दोघींना एकत्र बसवतात, माझे महिन्याला अकराशे. जोडीदारीण बँकेतून निवृत्त झालेली आहे आणि माझ्यापेक्षा बरी गाते, हे जरा लागलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला काळी तीन दिली आणि चाळीस मिनिटं फक्त सा आणि मंद्र नी म्हणून घेतला. घरी तेच करत बसले होते, तर मुलगा म्हणाला, "आई, गाणं कधी सुरू होणार?" परीक्षेचं अजून ठरवलं नाही.

नंदनवनच्या ताई, गुरुवारी किती वाजता बसता? आणि माझ्या वाटणीला प्रसाद आला तर नारळाच्या वड्या चालतील ना?