अनुभव धागा: गाडीतली गाणी तुम्ही कशी सांभाळता?

नमस्कार मंडळी,

गाडीत स्वतःचा गाण्यांचा साठा बाळगणाऱ्यांसाठी हा धागा आहे. पेन ड्राइव्ह असो, मेमरी कार्ड असो, की मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या फायली असोत. मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्यांनी आवर्जून लिहावं. संभाजीनगरहून तुळजापूरला निघालं की बीड सुटल्यावर मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा या पट्ट्यात माझं नेट मध्येच जातं आणि गाणं अंतऱ्यात अडकतं. शिवाय आपण जे ऐकतो त्यातलं पुष्कळसं कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाही. गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, सप्ताहातलं एखादं कीर्तन, आजीच्या ओव्या. ते आपणच सांभाळलं नाही तर गेलंच म्हणायचं.

माझी पद्धत आधी सांगतो. मूळ संग्रह घरच्या कॉम्प्युटरवर, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि गाडीत जाते ती फक्त नक्कल. गाडीतल्या ड्राइव्हवर थेट काही टाकायचं नाही, तिथून काही पुसायचंही नाही. बदल घरी करायचे आणि मग ड्राइव्ह नव्यानं भरायचा. घरी फोल्डर गायकांच्या नावानं आहेत, गाडीत मात्र वेळेप्रमाणे: पहाट, घाट, रात्र, लेकरं. चालत्या गाडीत गायकाचं नाव शोधत बसणं धोक्याचं असतं. ‘रात्र’ लावायला एकदाच बटण दाबावं लागतं.

लिहा मंडळी. बोलता तसं लिहा.

लातूर

आमच्या घरात हरिपाठ लागल्याशिवाय गाडी हलत नाही. वडील शेजारी बसतात आणि सत्तावीसही अभंग त्यांना ओळीनं पाठ आहेत. पहिल्यानंतर एकदम दहावा लागला की ते लगेच हात वर करतात. याची कारणं दोन आहेत आणि लोक ती एकातच धरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एक म्हणजे आकडे. फाइलीच्या नावात नुसतं १, २, ३ असेल तर बरेच प्लेअर १ नंतर १०, ११ घेतात आणि २ फार मागं पडतो. ०१, ०२, ०३ असं दोन आकड्यांत लिहिलं की हे मिटतं. शंभरावर फायली असतील तर तीन आकडे घ्यायचे.

दुसरं कारण लपलेलं असतं. काही डेक, म्हणजे गाडीतले प्लेअर, नाव बघतच नाहीत. फॅट३२ या फायली मांडायच्या पद्धतीनं फॉर्मॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल ज्या क्रमानं उतरते, त्याच क्रमानं तिची आतल्या यादीत नोंद होते, आणि हे डेक ती यादी वरून खाली वाचत जातात. नंतर नुसती नावं बदलून हा क्रम नीट लागत नाही. म्हणून ड्राइव्ह रिकामा करून फॉर्मॅट करायचा, कॉम्प्युटरवर फायली नावाप्रमाणे लावायच्या, सगळ्या निवडायच्या आणि ओढताना पहिल्या फाइलीला धरून ओढायच्या. मधल्या फाइलीला धरून ओढलं तर कधीकधी कॉपी तिथूनच सुरू होते. आतली यादी लावून देणारी छोटी मोफत सॉफ्टवेअरही मिळतात, फॅटसॉर्टर त्यातलंच एक. आता सत्तावीस अभंग आणि मग फलश्रुती, सगळं ओळीनं येतं. वडील निवांत, मी निवांत.

बीड जिल्हा, धारूरकडून

आमचं ट्रॅक्टर आहे दादा, कार नाही, तरी लिहायलोय. उसाची वाहतूक करतो. दिवाळी झाली की कारखान्यावर. मागं दोन ट्रॉल्या भरलेल्या, रात्रभर नंबर लागायची वाट बघायची, मग गाणे लागतेतच.

आमच्या डेकला नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. रिमोटवर आकडा दाबला की ते गाणं लागतं. म्हणून मी वही केली. एका पानावर भीमगीतं, एकावर गोंधळ, एकावर लावण्या, एकावर जुने हिंदी. गाण्यापुढं त्याचा आकडा. वही सीटच्या बाजूला पिशवीत असती. कार्डावर नवीन गाणे टाकायचे तर शेवटालाच, मधी घुसवायचे नाहीत. मधी घुसवले की वहीतले सगळे आकडे सरकतेत. आमच्या टोळीतला कुणीबी येतो, वही बघतो, आपलं गाणं लावतो. वाचता न येणारी मावशी आहे, तिला तिच्या तीन गाण्यांचे आकडे तोंडपाठ आहेत.

बाजारात मोबाइलच्या दुकानात गाणे भरून देतेत, पण तिथं एकच गाणं चार-चार वेळा येतं आणि नावाच्या जागी भलतंच कायतरी असतं. पुतण्या आता घरी बसून निवडून भरून देतो. एक गोष्ट सगळ्यांनी करा. ट्रॅक्टरवर धुराळा लई, यूएसबीच्या तोंडाला टोपण लावा. कार्ड मधीच थांबायलं तर काढून कोरड्या मऊ फडक्यानं पुसून बघा.

नांदेड

बीडच्या दादांची वही फार आवडली. मी शाळेसाठी रोज नांदेड–लोहा करते. माझ्या गाडीला चांगला मोठा पडदा आहे, पण देवनागरी नावं आली की चौकोन चौकोन. मैत्रिणीच्या गाडीत अक्षरं दिसतात, पण वेलांट्या सुटून भलतीकडे पडलेल्या. गाडीच्या प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसला तर आपण बाहेरून काही करू शकत नाही.

एक समजून घ्या. पडद्यावर दिसतं ते बहुतेक वेळा फाइलीचं नाव नसतं, फाइलीच्या आत लिहिलेला टॅग असतो. गाणं, गायक, अल्बम यांचे रकाने. त्यामुळे फाइलीचं नाव बदलूनही पडद्यावर जुनंच काहीतरी दिसत राहतं. मी एमपी३टॅग हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. घरच्या प्रतीत टॅग देवनागरीत, गाडीच्या प्रतीत रोमन लिपीत. टॅग साठवताना आयडी३ या टॅगच्या पद्धतीची २.३ ही आवृत्ती निवडते, कारण २.४ काही जुन्या डेकना वाचता येत नाही.

रोमनमध्ये लिहिताना एकच स्पेलिंग धरून चला. विठ्ठलमध्ये टी एक की दोन, एच कुठे, हे एकदा ठरवून टाका. नाहीतर एकाच गायकाचे तीन गायक होतात आणि त्यांची अर्धी गाणी सापडतच नाहीत. माझ्याकडे सकाळचं गुरबाणी कीर्तनही आहे, शेजारच्या काकूंनी दिलेलं. त्यांनी सांगितली तशीच नावं त्यात लिहिली आहेत.

परभणी

मला कॅसेटींबद्दल सांगायचंय. थोडं लांबेल.

वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीच्या जागराचं रेकॉर्डिंग कुणीतरी साध्या टेपवर करून ठेवलेलं. काही सी-६०, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटी, काही नव्वदच्या सी-९०. ते गेल्यावर मी ठरवलं की हे सगळं गाडीत ऐकता येईल असं करायचं.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लगेच वाजवू नका. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळून परत आणा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. टेपचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा. लॅपटॉपला बहुधा माइकचंच छिद्र असतं, त्यात टेप जोडली की आवाज फाटतो. लाइन-इन, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा आवाज घेणारं छिद्र, असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी पुरतं आणि ते मोफत आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे सी-६०ला साधारण ६०० एमबी. ही फाइल मूळ. तिला हात लावायचा नाही. गाडीसाठी हिच्यावरून एमपी३ काढायची.

आता महत्त्वाचं. टेपची खरखर काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण खरखर आणि टाळांचा किणकिणाट दोन्ही वरच्या पट्टीत असतात. खरखर पुसायला गेलं की टाळ बोथट होतात आणि भजनातला जीवच जातो. गाडीत तर इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज असतोच, त्यात खरखर ऐकूही येत नाही. मी ती राहू दिली. उलट हळू गायलेल्या ओळी गाडीत बुडतात, म्हणून गाडीच्या प्रतीत हळू-मोठ्यातलं अंतर थोडं कमी केलं.

गाणं नेमकं कुठून कापायचं, यावर घरात बोलणं झालं. रेकॉर्डिंगमध्ये अभंग सुरू व्हायच्या आधी वडील पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक लावून थाप मारून बघतात. कणीक कमी पडली की आवाज जरा पोकळ येतो. मग ते थोडी वाढवतात, पुन्हा थाप, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘हां, बसला.’ तो सगळा भाग मी ठेवला. स्वच्छ कापलेली भजनं हवी असणाऱ्यांना ती वेगळी काढून देतो, पण माझ्या गाडीत थापेसकटच वाजतं.

धागाकर्ता

काका, तुमचा अनुभव सगळ्यांनी दोनदा वाचावा. ओव्यांचा उल्लेख वर आलाच आहे म्हणून जोडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. तेवढं मोठं काम आपल्याला जमायचं नाही, पण आपल्या घरातली एक बाई, एक मोबाइल आणि बंद पंखा एवढ्यावरही पुष्कळ होतं. पंखा खरंच बंद करा, रेकॉर्डिंगमध्ये तो फार येतो.

धाराशिव

कीर्तन ऐकणाऱ्यांसाठी. दोन तासांची एकच फाइल असली आणि डेक जागा लक्षात ठेवत नसला, तर गाडी बंद करून चालू केली की कीर्तन पुन्हा नमनापासून. मी एमपी३डायरेक्टकट वापरून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करतो. त्यात फाइल पुन्हा बनत नाही, नुसती कापली जाते, म्हणून आवाज उतरत नाही. आणि नुसत्या बोलण्याला मोठा बिटरेट, म्हणजे सेकंदामागे साठवायचा डेटा, लागत नाही. ६४ केबीपीएस मोनोत तासाचं कीर्तन २९ एमबीच्या आसपास बसतं. संगीतासाठी मात्र एवढं खाली जाऊ नका.

जालना

समृद्धीवर लांबचा प्रवास असतो. माझा त्रास आवाजाच्या चढउताराचा होता. जुनं नाट्यगीत हळू, लगेच पुढचं नवं गाणं अंगावर येणारं. एमपी३गेनने सगळ्या फायली एका पातळीवर आणल्या. ८९ डेसिबल ही त्याची ठरलेली पातळी मला ठीक वाटते. मूळ ध्वनीला ते हात लावत नाही, फक्त किती मोठ्यानं वाजवायचं ती नोंद दीड-दीड डेसिबलनं बदलतं.

आणि १२८ केबीपीएसची फाइल ३२०ला रूपांतरित करून आवाज सुधारत नाही, फक्त जागा खाते. हे मी मित्रांना सांगून थकलो, इथेही सांगतो. चांगला आवाज हवा तर मूळ सीडीवरून पुन्हा काढा.

उन्हाळ्यात बंद गाडीत ड्राइव्ह लावून ठेवत नाही. मे महिन्यात काचेखाली हात ठेववत नाही, तिथं तो बिचारा ड्राइव्ह काय करेल.

हिंगोली, औंढ्याजवळून

नवीन ६४ जीबीचा ड्राइव्ह घेतला. गाडी म्हणते ‘रीड होत नाही’. लॅपटॉपवर नीट चालतो. काय करू?

धागाकर्ता

दोन गोष्टी तपासा दादा. गाडीत दोन यूएसबी असतील तर एक नुसतं चार्जिंगचं असू शकतं, दुसऱ्यात लावून बघा. तरी नाही झालं तर फॉर्मॅट बघा. ६४ जीबीचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीनं फॉर्मॅट करून येतात आणि पुष्कळ डेकना फक्त फॅट३२ कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉर्मॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्यायच दिसायचा नाही, तुमच्या लॅपटॉपवर तसं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागेल. सोपा मार्ग म्हणजे ३२ जीबीचा घ्या. १२८ केबीपीएसला मिनिटाला जवळपास १ एमबी धरा, पाच मिनिटांची सहा हजार गाणी बसतील. डेक एका फोल्डरमध्ये किती फायली वाचतो ते गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

हिंगोली

दुसऱ्या यूएसबीतही नाही झालं, म्हणजे फॉर्मॅटच असेल. ३२चा आणतो. लॅपटॉप पुतणीचा आहे, ती सुट्टीला आल्यावर लातूरकरांनी सांगितलं तसं ओळीनं भरून घेतो.

परभणी

मी वसमत, औंढ्याकडे येत असतो. ड्राइव्ह आणून ठेवा, लॅपटॉप माझ्याकडे असतो. भरून देईन. तुमच्याकडे जुन्या कॅसेटी असतील तर त्याही बघू.

हिंगोली

मामांकडं गोंधळाच्या आहेत, पेटीत ठेवलेल्या. आजच फोन करून विचारतो. एकीची फीत तुटलीय म्हणले होते, ती जोडता येते का काका?

परभणी

येते. साधा सेलोटेप मात्र लावू देऊ नका, त्याचा डिंक पसरतो आणि हेडला चिकटतो. कॅसेटची जोडपट्टी वेगळी असते, ती माझ्याकडे आहे. आहे तशीच ठेवा म्हणावं.