लाइन गेली की गेम चालू असताना पीसी बंद

प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर, ७५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय), ६०० व्हीएचा यूपीएस. सिनेमा चालू असताना लाइन गेली तर पीसी टिकतो, गेममध्ये झटक्यात बंद होतो. एसएमपीएस बदलू का? (दारव्हा तालुका)

– भाऊ, एसएमपीएसला हात लावू नका. ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट. एकटं कार्डच २२० वॅट खातं. वर प्रोसेसर, पंखे, मॉनिटर. सिनेमाला लोड कमी, म्हणून तेव्हा निभतं. १५०० व्हीए, ९०० वॅटचा प्युअर साइनवेव्ह यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरीवरही लाइनसारखीच गुळगुळीत लहर देणारा. सिम्युलेटेड म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांच्या नकली साइनवेव्हवर अॅक्टिव्ह पीएफसीवाले (लाइनमधून वीज सरळ लहरीत ओढणारे) काही एसएमपीएस बॅटरीवर जाताना दगा देतात. तोवर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के ठेवून पाहा. गेमचे फ्रेम (एफपीएस) फार पडत नाहीत.

– अर्थिंगही तपासा: मल्टिमीटर न्यूट्रल ते अर्थ ५ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी वायरमन बोलवा. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर नको. ओल्या हवेत धूळ अन् कापसाची तूस हीटसिंकच्या पात्यांत लगद्यासारखी चिकटते, मग ब्लोअरनेही निघत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा.

– पीसीला एचडीएमआयने जोडलेला टीव्ही कुठे लावू?

– यूपीएसवर नको, पण पीसीच्याच अर्थिंगवर. नाहीतर एचडीएमआय पोर्ट जळू शकतो.